मांदेलीत अक्षरं किती

मी नवीन भाषा शिकायला घेतली की आईला लगेच कळतं. जेवताना मी ताटाच्या डावीकडे मोबाइल उभा करते, आणि भातावर आमटी पडली की सोलकढी पडली याचं मला भान राहत नाही.

"आता खयची?" ती विचारते.

मी नाव सांगते.

"ती खय बोलतत?"

"कुठेच नाही गं. कम्प्युटरला सांगायची असते."

"मगे तो कम्प्युटर बहिरो आसा काय? दर दोन वर्षांनी तेका नवी भाषा लागता ती."

कम्प्युटरला लागत नाही, मला लागते, हे तिला कसं सांगणार? घाटकोपरला असल्फ्याच्या चढावर आम्ही दोघी राहतो. सोळा वर्षं मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि या सोळा वर्षांत एका भाषेत मी धड टिकले नाही. डिप्लोमाला सी शिकले, तीही आधी वहीत. वर्गात कम्प्युटर कमी होते म्हणून सर आम्हाला प्रोग्राम कागदावर लिहायला लावायचे आणि सेमिकोलन विसरला की लाल पेनाने गोल करायचे. मग अंधेरीत मरोळच्या बाजूला पहिली नोकरी लागली. तिथे पीएचपी. केटरर, लग्नाचे हॉल, क्लासेस अशांच्या वेबसाइट आम्ही बनवायचो. त्याच मजल्यावर जावावाले बसायचे, ते आमच्याकडे बघून हसायचे. म्हणून मी जावा शिकले. जावा येऊ लागली तेव्हा कळलं की आता पायथनवाले जावावाल्यांना हसतात. मग ती शिकले.

पण नुसतं कोणी हसतं म्हणून नाही. नव्या भाषेतले पहिले पंधरा दिवस मला फार आवडतात. काहीच येत नसतं, आणि जे जमेल ते आपलं. दीड-दोन वर्षांनी ती भाषा हाताला बसते, कंपनीतले लोक "तिला विचार, तिला येतं" म्हणायला लागतात, आणि तेव्हाच माझे हात शिवशिवायला लागतात. मीटिंगमध्ये बसवत नाही. कोणी काही समजावत असलं की मी टेबलाखाली दुसऱ्याच भाषेचं पान उघडून वाचत असते.

भाषांबरोबर माणसं येतात, हे मला बाविसाव्या वर्षी कळलं. प्रत्येक भाषेचा एक गोतावळा असतो. जगभरातले लोक एका फोरमवर जमतात, प्रश्न विचारतात, उत्तरं देतात, भांडतात. मी माझा पहिला प्रश्न तिथे टाकला तेव्हा तो तीनदा लिहून पुसला होता. इंग्रजी तपासून घेतलं होतं. शेवटी "प्लीज" लिहिलं होतं. वीस मिनिटांत उत्तर आलं: आमचा वेळ वाया घालवू नका, आधी माहितीपुस्तिका वाचा. त्याखाली आणखी एकाने लिहिलं होतं, तुमच्या देशातल्या लोकांना नेहमी तयार कोड हवा असतो.

मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. परत येऊन प्रश्न काढून टाकला. आणि ठरवलं, पुन्हा कधी कुणाला काही विचारायचं नाही. विचारलं नाही. सगळं वाचून, आपटून, धडपडून शिकले. पुढे त्याच फोरमवर उत्तरं देऊ लागले. उत्तर लोकांना पटलं की पॉइंट मिळतात, ते साठत गेले. माझी उत्तरं छोटी असायची, अचूक असायची, आणि त्यात एक धार असायची. ती धार मला आवडायची, हे खोटं कशाला सांगू?

चार वर्षांपूर्वी मी आणखी एका भाषेत शिरले. तिचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण हे कुठल्याही भाषेत झालं असतं. तिचा मुंबईतला एक गट होता. महिन्यातून एका शनिवारी अंधेरीत एका कंपनीच्या कँटीनमध्ये तीस-पस्तीस जण जमायचे. एरवी मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये बोलणं चालायचं. गट चालवणारा बोरिवलीचा, माझ्याच वयाचा. शनिवारी खुर्च्या लावण्यापासून माइकच्या वायरी गुंडाळण्यापर्यंत सगळं स्वतः करायचा. सहा महिन्यांत त्याने मला ग्रुपवर लक्ष ठेवायचं काम दिलं. फालतू जाहिराती काढायच्या, भांडणं मिटवायची, कुणाच्या प्रश्नाला कोणी उत्तर दिलं नसेल तर आपण द्यायचं.

एकदा खुर्च्या आवरताना तो म्हणाला, "तुझं उत्तर बरोबर असतं गं. पण ते वाचल्यावर माणूस परत विचारत नाही."

"मग शिकला ना तो," मी म्हटलं.

तो खुर्च्या एकात एक घालत राहिला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत एक नवीन माणूस ग्रुपमध्ये आला. फोटोच्या जागी एका होडीचं चित्र होतं, नावाच्या जागी दोन इंग्रजी आद्याक्षरं. तो लांबलचक लिहायचा, मराठी आणि इंग्रजी मिसळून, प्रत्येक प्रश्नाआधी "माफ करा, हा प्रश्न बावळट असेल" असं म्हणून. मी अशी पाच-सहा वाक्यं वाचायच्या आतच कंटाळायचे. एका दुपारी त्याने विचारलं: "माफ करा. ‘मांदेली’ या शब्दात अक्षरं तीन आहेत. मी प्रोग्रामला शब्दाची लांबी विचारली तर तो सात सांगतो. माझं काय चुकतं?"

त्या दिवशी माझी ऑफिसात कोणाशी तरी वादावादी झाली होती. मी प्रश्नाची फक्त शेवटची ओळ वाचली आणि लिहिलं: "हा ग्रुप म्हणजे शिकवणी नाही. शब्दाची लांबी हा पहिल्या धड्यातला विषय आहे. आधी वाचून या, मग मासे मोजा."

तिघांनी खाली हसण्याची चिन्हं टाकली. मलाही ते वाक्य जमल्यासारखं वाटलं. थोड्या वेळाने तिकडून उत्तर आलं, "चूक झाली. त्रास दिल्याबद्दल क्षमस्व." आणि संध्याकाळी ग्रुपमध्ये एक ओळ दिसली की हा सदस्य बाहेर पडला आहे. अशा ओळी रोज दिसतात.

सात-आठ महिने गेले. माझी कंपनी सोसायट्यांच्या गेटवर पाहुण्यांची नोंद करणारं एक अॅप बनवते. वॉचमन नाव टाकतो, यंत्रातून चिठ्ठी निघते. आम्ही ती मराठीत सुरू केली आणि मुलुंडच्या एका सोसायटीतून तक्रार आली. एक आजोबा रोज मुलीकडे यायचे. चिठ्ठीवर ठरावीक लांबीपुढचं नाव कापलं जायचं, त्यात त्यांच्या आडनावाची शेवटची मात्रा उडाली आणि आडनावाचा पक्षी झाला. सोसायटीतली पोरं त्यांना त्या पक्ष्याचा आवाज काढून दाखवायला लागली. आजोबांनी मुलीकडे येणं बंद केलं.

आमचा मॅनेजर म्हणाला, "लांबी वाढव ना यार, त्यात काय?" वाढवली तर नाव चिठ्ठीच्या बाहेर जात होतं. मी दिवसभर त्याच्याशी झटले. मग लक्षात आलं की आमचा प्रोग्राम अक्षरं मोजतच नव्हता. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, सगळं तो वेगळं वेगळं मोजत होता आणि वाटेल तिथे कात्री लावत होता. आपल्याला जे एक अक्षर दिसतं ते त्याला दोन, कधी तीन वाटत होतं.

हे आधी कोणाला तरी सापडलं असेल म्हणून मी ग्रुपमधल्या जुन्या मेसेजमध्ये शोध घेतला. ‘अक्षर’ आणि ‘लांबी’ हे दोन शब्द टाकले. एकच प्रश्न निघाला. मांदेलीचा. त्याच्याखाली माझं नाव होतं आणि माझं ते वाक्य.

मी ते पुन्हा वाचलं. मग प्रश्न पुन्हा वाचला, या वेळी पूर्ण. तो बावळट नव्हता. इतक्या वर्षांत मला जो पडला नव्हता तो प्रश्न त्या माणसाला पहिल्याच महिन्यात पडला होता. मी खुर्चीवरून उठले, पाण्याच्या मशीनपर्यंत गेले, पाणी न पिताच परत आले. असं दोनदा केलं. मग बोरिवलीवाल्याला फोन लावला.

"होडीचा फोटो होता बघ, तो कोण होता रे?"

"तो नाही, ती," तो म्हणाला. "टीचर आहेत. गोराईच्या. मराठी शाळेतून रिटायर झाल्या. मी रविवारी सायकल घेऊन जातो ना तिकडे, एकदा त्यांच्या ओट्यावर पाणी प्यायला थांबलो होतो. मीच म्हटलं त्यांना, आमच्या ग्रुपमध्ये या, लोक मदत करतात."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? तुला ऐकायचं होतं का तेव्हा?"

त्याच रविवारी मी बोरिवलीहून गोराईच्या जेट्टीवर गेले. होडीत माझ्या शेजारी तीन मोटारसायकली आणि भाजीच्या पाट्या होत्या. पाच-दहा मिनिटांचीच खाडी, पण मी सबंध वेळ काय बोलायचं ते मनात घोळवत होते, आणि मधेच वाटत होतं की याच होडीने परत फिरावं. पलीकडे रिक्षा केली. बोरिवलीवाल्याने सांगितलेल्या खुणेवर, देवळाएवढ्या उंच चिंचेच्या झाडामागे, एक बसकं कौलारू घर होतं. दारावर लाकडी क्रूस. ओट्यावर साठीच्या एक बाई चष्मा कपाळावर चढवून लॅपटॉपकडे बघत बसल्या होत्या.

मी नाव सांगितलं. त्यांनी चष्मा खाली घेतला.

"‘आधी वाचून या’, ती तू का?"

"हो, टीचर."

"तिथे नुसतं आडनाव दिसायचं, मला वाटलं कोणी बाप्या असेल." त्या जरा सरकल्या. "बस. चप्पल राहू दे पायात."

मी पाठ केलेलं सगळं विसरले. "माझं चुकलं," एवढंच म्हटलं. "तुमचा प्रश्न मी वाचलाच नव्हता."

"ते कळलं मला."

"तुम्हाला राग आला असेल."

त्यांनी थोडा विचार केला. "मी पस्तीस वर्षं पोरांना शिकवलं. ‘एवढंसुद्धा येत नाही का’, असं मीही बोललेय. किती जणांना, आठवत नाही. तेव्हा तुझ्यावर एकटीवर कसा रागावू? पण ते तिघं हसले ना, ते नाही आवडलं मला."

तेवढ्यात शेजारची बाई कुंपणावरून काहीतरी ओरडली, टीचरनी त्यांच्या बोलीत उत्तर दिलं. मला त्यातलं अर्धं कळलं, अर्धं कळलं नाही.

"हेच," त्या म्हणाल्या. "आमच्या पोरांनाही आता अर्धंच कळतं. म्हणून मी शब्दकोडी करते. आमच्या बोलीतल्या शब्दांची. माशांची नावं, जाळ्यांची, भांड्यांची. गावच्या सणाला छोटं पुस्तक काढतो आम्ही, त्यात छापतात. नुसती शब्दांची यादी दिली तर कोणी वाचत नाही. कोडं दिलं की आजीला विचारायला जातात. इतकी वर्षं हाताने चौकोन आखले. आता डोळे दमतात. म्हणून म्हटलं, कम्प्युटरला सांगू. तर तो मांदेलीला सात चौकोन देतो!"

"मग पुढे काय केलंत?"

त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. मी कोड वरपासून खालपर्यंत वाचला. त्यांनी सबंध बाराखडी टाइप केली होती. क, का, कि, की पासून ज्ञ पर्यंत. मग अनुस्वारासकट पुन्हा एकदा सगळी. प्रोग्राम शब्द घ्यायचा आणि सुरुवातीपासून बाराखडीत ताडून बघायचा, जुळलं की एक चौकोन. जिथे मोजायचं होतं त्या भागाचं नाव इंग्रजी लिपीत ‘मोज’, आणि शब्द जिथे साठवले होते त्याचं नाव ‘टोपली’.

"किती दिवस लागले?"

"उपवासकाळात बसले. ईस्टरला संपलं. फक्त जोडाक्षरं येत नाहीत त्यात. ती या वहीत वेगळी लिहिलीयत." वहीवर मथळा होता: भांडखोर शब्द. खाली त्रेचाळीस शब्द.

आता माझ्यातली जुनी बाई जागी झाली. "टीचर, एवढं करायची गरजच नव्हती. यासाठी तयार लायब्ररी असते, म्हणजे कोणीतरी आधीच लिहून ठेवलेला कोड. आपण फक्त वापरायचा. थांबा, दाखवते." मी त्यांच्या लॅपटॉपवर ती उतरवून घेतली. मांदेली टाकलं. तीन. बोंबील, तीन. कोळंबी, तीन. मी त्यांच्याकडे बघितलं. त्या वहीत बघत होत्या.

"आता खाडीतला हा मासा, निवट्या टाक," त्या म्हणाल्या.

टाकलं. चार.

"नि, व, ट्या," त्यांनी बोटं मोजली. "तीन. तुझ्या लायब्ररीने ट्या तोडला."

मी पुन्हा टाकून बघितलं. चारच. जगभरातल्या हुशार माणसांनी लिहिलेल्या त्या कोडला जोडाक्षर कळत नव्हतं, आणि मला ते माहीत नव्हतं. म्हणजे तेव्हा त्या सगळं वाचून आल्या असत्या तरी निवट्यापाशी उत्तर चुकलंच असतं.

"वाचून आली होतीस ना गं तू?" टीचर म्हणाल्या आणि खो-खो हसायला लागल्या. मग मलाही हसू आलं. खूप दिवसांनी मी काहीतरी चुकल्यावर हसले.

त्या दुपारी आम्ही दोघींनी तो कोड नव्याने लिहिला. मी त्यांना विचारत होते, त्या सांगत होत्या. हलन्त आला की पुढचं व्यंजन आधीच्याला चिकटतं, अनुस्वार कधी स्वतंत्र उभा राहत नाही, अर्धा र डोक्यावर गेला तरी मोजायचा नाही. शाळेत त्यांनी हे हजारदा फळ्यावर समजावलं असणार. तीस-पस्तीस ओळींत काम झालं. भांडखोर शब्दांपैकी एकेचाळीस सरळ झाले, दोन उरले. मी त्यांची बाराखडी पुसायला गेले तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

"ती ठेव. टाकू नको."

"आता नाही लागणार ती."

"माहितीये. तरी ठेव."

ती आम्ही वेगळ्या फाइलमध्ये ठेवली. नंतर तिचा उपयोगच झाला. आमचा कोड बरोबर आहे का ते तपासायला तिच्याइतकी चांगली यादी दुसरी नव्हती. ऑफिसात मी तो मोजण्याचा भाग टीचरच्या परवानगीने चिठ्ठीच्या यंत्रात घातला. आजोबांचं आडनाव पूर्ण छापून आलं. ते परत यायला लागले की नाही, ते मात्र मला कळलं नाही. मी दोनदा सोसायटीत फोन करून विचारलं, वॉचमन म्हणाला, "बघून सांगतो मॅडम," आणि सांगितलं नाही.

ग्रुपवर मी सगळं लिहिलं. तो प्रश्न, माझं उत्तर, निवट्याचे चार. हसणाऱ्या तिघांपैकी एकाने मला एकटीला मेसेज करून माफी मागितली, ती टीचरना पोचव म्हणाला. दुसऱ्याने ग्रुपमध्येच लिहिलं, "एवढं काय त्यात, मस्करी होती." तिसरा काहीच बोलला नाही. पुढच्या शनिवारी मेट्रोकडे चालताना मी बोरिवलीवाल्याला सांगितलं की ग्रुपवर लक्ष ठेवायचं काम आता मला नको, दुसऱ्या कोणाला तरी दे. शिवाय एक नवी भाषा आली होती, तिच्यात लक्ष घालावं म्हणत होते.

"बघ, निघालीस," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"काही टोचलं की तू भाषा बदलतेस. तुझ्याच तोंडून ऐकलंय. जा ना, पण या वेळी तरी ती शिकण्यासाठी जा. पळून जायला नको."

मला त्याचा इतका राग आला की त्याला मागे टाकून मी मेट्रोचा जिना चढले. घरी जाऊन नवी भाषा लॅपटॉपवर उतरवली. दोन दिवस चाळली. मग बंद केली आणि ग्रुप उघडला. हात शिवशिवत होतेच, अजूनही शिवशिवतात. पण मी तिथेच आहे.

टीचर मात्र ग्रुपमध्ये परत आल्या नाहीत. मी दोनदा आग्रह केला. "मला नको तो गोंगाट," त्या म्हणाल्या. "काही लागलं तर तुला विचारीन." आणि विचारतात. गेल्या महिन्यात शब्दांची यादी अकारविल्हे लावायची होती, तेव्हा त्यांचा मेसेज आला: हा कम्प्युटर ळ ला ल च्या मागोमाग का बसवतो? आपण तर त्याला ह च्या नंतर शिकवतो. आणि क्ष चं काय करायचं?

मला उत्तर माहीत नव्हतं. मी लिहिलं, "माहीत नाही टीचर, विचारून सांगते." आणि मग खरंच विचारायची वेळ आली. मी ग्रुपमध्ये प्रश्न लिहिला, माझ्याच नावाने. ‘बावळट असेल’ असं लिहिलं, खोडलं, आणि तसाच टाकला. तीन दिवस कोणी बोललं नाही. ऑफिसात मी दर दहा मिनिटांनी फोन उलटा-सुलटा करत होते. चौथ्या दिवशी ठाण्याच्या एका मुलीने उत्तर दिलं. ती महिन्याभरापूर्वीच ग्रुपमध्ये आली होती. उत्तर अर्धं बरोबर होतं, अर्धं चूक. मी तिला थँक्यू म्हटलं आणि जे अर्धं राहिलं होतं ते पुन्हा विचारलं.